अठ्ठ्याण्णव कोटी फूट

चितेगावच्या ज्युनियर कॉलेजात हनुमान सर नऊ वर्षं तासिकेवर फिजिक्स शिकवत होते. कायम होण्याची ऑर्डर दर उन्हाळ्यात निघायची आणि जूनपर्यंत वाटेत कुठंतरी आडवी पडायची. यंदा संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब स्वतःच वर्गात येऊन बसले. पाठ पसंत पडला तर सही, नाहीतर नवा माणूस.

विषय सापेक्षता. सरांचे वडील मल्हारराव मेंढरं राखायचे. पैठण किती लांब, असं कुणी विचारलं की म्हणायचे, दोन मुक्काम. सरांनी तिथूनच धागा उचलला. लांबी मुक्कामात मोजता येती, तर सेकंदात का नाय? सेकंदात प्रकाश जेवढा जातो, तेवढ्या लांबीला एक सेकंदच म्हणायचं. मग प्रकाशाचा वेग किती? एका सेकंदात एक सेकंद लांबी. फळ्यावर त्यांनी ठसठशीत लिहिलं : १.

काकासाहेबांचा चेहरा उतरला. तास संपल्यावर त्यांनी सरांना केबिनीत बोलावलं. रोडपल्याडच्या कॉलेजात तीन लाख किलोमीटर शिकवतात, हे त्यांच्या कानावर होतं.

"सर, त्यांचा तीन लाख अन् आपला एक? मग पालकांनी आपल्याकडं यावं कशाला?"

वेग तोच हाय, माप तेवढं बदललंय, असं सरांनी परोपरीनं सांगितलं. काकासाहेब मान डोलवत राहिले. ऑर्डर टेबलावरच होती, पण खिशातल्या पेनाचं टोपण काही निघंना.

तेव्हा सरांना आठवलं, काकासाहेबांचा खरा धंदा प्लॉटिंगचा. एक गुंठा म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून त्यांच्या बोर्डावर कायम 'एक हजार एकोणनव्वद स्क्वेअर फूट' असायचं.

"काकासाहेब, फुटात घेऊ का?"

"किती भरतंय?"

"सेकंदाला अठ्ठ्याण्णव कोटी पस्तीस लाख."

टोपण निघालं.

आठवड्यात गेटावर फ्लेक्स लागला : 'जिल्ह्यात सर्वाधिक प्रकाशवेग शिकवणारं एकमेव कॉलेज.' खाली हात जोडलेले हनुमान सर.

पहिल्या बाकावरच्या सायलीनं उभं राहून विचारलं, पेपरात लिहायचं काय? सरांनी खिडकीतून स्वतःच्या फोटोकडं पाहिलं.

"पास व्हायचं असंल तर तीन लाख किलोमीटर. समजून घ्यायचं असंल तर एक."

"अन् अठ्ठ्याण्णव कोटी, सर?"

"ते राहू दे, पोरी. त्याच्यावर मी कायम झालोय."