लुडविकामावशीचा गारठा

अमेरिकेत, बफेलो शहरातल्या आमच्या पोलिश वस्तीत लुडविकामावशीला खोटं पाडायची कोणाची छाती नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं तीस वर्षं काढली. आम्ही सगळे तिच्या हातचं बिटाचं सूप पिऊन वाढलो. लग्न केलं नाही, आईबापांचं म्हातारपण एकटीनं निस्तरलं. घर मात्र बापानं तिच्या धाकट्या भावाच्या, काझिकच्या नावावर केलं. तो खाली राहायचा, ही वर.

त्या वर्षी थंडी पडली तशी ती म्हणायला लागली, वर गारठा आहे. काझिक म्हणाला, वय झालं. मग म्हणाला, डोक्यावर परिणाम झालाय. डॉक्टरलाही तेच पटवलं आणि वृद्धाश्रमात खोली ठरवून मोकळा झाला. सोमवारी न्यायचं होतं. शुक्रवारी मावशीचा मला फोन आला.

"बाळा, तू वाफेच्या बॉयलरची कामं करतोस ना? मग येऊन बघ. रेडिएटर बिघडलाय की मी, एकदाचं सांग."

गेलो. बाई घरात कोट घालून बसलेली. खिडकीच्या काचेला आतून बर्फ. वाफेनं खोली तापवणारा रेडिएटर थंडगार. तीन महिन्यांत सख्ख्या भावाला वर येऊन एकदा हात लावून बघता आलं नव्हतं!

तळघरात बॉयलर ठणठणीत होता. मग घराची ऊब मोजून बॉयलर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बघायला जेवणघरात शिरलो, तर त्याच्या जागी भिंतभर टीव्ही.

"काझिक, थर्मोस्टॅट कुठाय?"

"पॅसेजमध्ये. टीव्हीच्या मधे येत होता. ऑक्टोबरात मीच हलवला. त्यात काय मोठंसं!"

पॅसेजच्या भिंतीला हात लावला आणि माझं टाळकंच सटकलं. भिंत चांगली गरम होती. वर जाणारा वाफेचा पाइप त्याच भिंतीतून चढतो. बॉयलर पेटला की आधी ती भिंत तापणार, थर्मोस्टॅटला वाटणार सगळं घर तापलं, आणि तो बॉयलर बंद करणार. खालचे रेडिएटर जवळ, त्यांना तेवढ्यात वाफ मिळते. वर पोचायच्या आत खेळ खलास.

"अरे गाढवा," मी ओरडलो, "तुझ्या टीव्हीपायी बहिणीला वेडी ठरवलंस!"

"ओरडतोस काय? हलव की परत."

हलवला. तासाभरात वरचे रेडिएटर सूं सूं करायला लागले. मावशीनं कोट काढला नाही. तिनं काझिकला वर बोलावलं.

"म्हण, 'ताई, तू खरं सांगत होतीस.'"

"आता तापलं ना? मी सोमवारचं रद्द करतो. झालं?"

"नाही झालं. तेवढं एक म्हण."

"किती ताणशील गं! या असल्या वागण्यामुळेच तर डॉक्टर..."

मावशी उठली. कपाटातून बॅग काढली आणि चार कपडे भरले.

"बाळा, तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे ना?"

"आहे, मावशी."

"चल. ज्या घरात जन्मले, तिथे वेडी म्हणून नाही राहायची मी."

मी बॅग उचलली. काझिक जिन्याच्या तोंडाशी उभा राहून आमच्या पाठीमागे ओरडत होता, "अगं, पण आता तर गरम झालंय!"