खोडवा

आगाशिवच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर ती मला एकदाच भेटली. पांढरी साडी, हातात शेंगांची पिशवी. शेंग फोडली की पहिला दाणा माझ्या हातावर, दुसरा तिच्या तोंडात. नाव विचारायचं राहून गेलं.

माझा मुलगा वारला आणि चार महिन्यांनी सुनेला मुलगी झाली. भावकी म्हणाली, मुलगा झाला असता तर तोच परत आला म्हटलं असतं. तरी मी रोज त्या पोरीच्या तोंडावर त्याचं नाक शोधत होते. ही बाई पांढऱ्या साडीवरून बुद्धाला मानणारी वाटली, म्हणून तिलाच सगळं सांगून विचारलं, "आवं, मेलेलं माणूस परत येतंय का?"

"भगवान म्हणतात आत्माच न्हाई, मग येनार कोन? म्हातारपन, आजार, मढं बघून राजवाडा सोडला त्यांनी. दुःख कशानं सरंल ते हुडकायला."

"मग मेलं की संपलं?"

"तसं बी न्हाई. ऊस तोडल्यावर खोडवा फुटतो, त्यो जुनाच ऊस का?"

"न्हाई."

"मग दुसराच?"

बुडखा तर जुनाच असतो.

"खोडव्याला पाणी पाजताना इचारता का, तू कोन म्हनून?" ती हसली. उरलेल्या शेंगा तिने माझ्या पदरात ओतल्या. "सुनंला द्या. तिला कोन इचारतंय?"

घरी जाऊन शेंगा सुनेला दिल्या, पोरीला मांडीवर घेतलं. पोरीचं नाक नकटं आहे. आमच्यात तसं कुणाचंच नाही; ते तिचं तिचंच.