शिसवी पट्टीची गिटार

माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, तेव्हा मी पहिला दोष गिटारला दिला. वाजवणारा माणूस दुसरं काय करणार?

मी तेव्हा रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचो आणि सुट्टी असली की आमच्या पेणच्या बँड पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. हळदी, साखरपुडे, गणपतीच्या मिरवणुका. गडबच्या बाजूच्या गावांत हळद असली की आम्हाला बोलावणं ठरलेलं. कंपनीत मी म्हणजे दिवसभर व्हॉल्व्ह फिरवणारा एक हेल्मेटवाला. मांडवात मात्र गिटारचा पहिला सूर निघाला की बायका हातातलं ताट खाली ठेवून नाचायला उठायच्या. ते गेलं तर माझ्यापाशी काय उरणार होतं?

गिटारच्या मानेला आम्ही नेक म्हणतो. तो मागून डाव्या तळव्यात बसतो. त्याच्या पुढच्या अंगाला लाकडाची पट्टी असते, तिच्यात फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या तारा ठोकलेल्या असतात, आणि बोटं चालतात ती या पट्टीवर. माझ्या गिटारचा नेक आणि पट्टी दोन्ही मेपलची होती, पिवळसर, वरून काचेसारखं पॉलिश. थंडीत झकास चालायची. पण आमच्याकडे खाडीवरचा दमट वारा, त्यात मे महिन्याचा मांडव. तळवा त्या पॉलिशला चिकटून बसायचा. एका हळदीत वरच्या सुरावर सरकताना करंगळी पोचलीच नाही आणि भलताच सूर लागला. ढोलकीवाला माझा शाळेपासूनचा मित्र. तो हसत म्हणाला, "काय रं, नाचता येईना अंगण वाकडं?"

"अंगण वाकडंच हाय," मी तडकून म्हटलं.

पेणमध्ये वाढलेल्या माणसाला एक खोड असते. काहीही बिघडलं की तो आधी पॉलिश पेपर शोधतो. मूर्तीचं नाक जाड झालं, घास. सोंडेला खड्डा पडला, भर आणि घास. आमच्या घरात तर हा रोजचाच धंदा, कारण बायको जोहे गावातल्या गणपतीच्या एका कारखान्यात घासकामाला जायची. मूर्ती रंगाला जाण्याआधी तिच्या हाताखालून जायची. नजरेला खरखर दिसत नाही, बोटाला कळते, म्हणून ती डोळे मिटून मूर्तीवरून बोटं फिरवायची.

मीही नेकवरचं पॉलिश घासून काढलं. काही दिवस स्वर्गात होतो. मग उघड्या मेपलनं माझा घाम पिऊन घेतला, नेक काळपट पडला आणि पावसाळ्यात वाकला. तेव्हा मी दुसरी पेणची अक्कल चालवली. मूर्तीच्या मुकुटाला मारतात ते वॉर्निश आणून नेकला मारलं. नेक असा चमकला की ओवाळावा, आणि हात ठेवला तर गुळाच्या ढेपेवर ठेवल्यासारखा.

"आता पायाशी उंदीर तेवढा बसवा," बायको म्हणाली.

मी हसलो नाही. एव्हाना शर्टाचं बटण लावताना करंगळी नुसती लोंबत असायची. डॉक्टरांनी कोपरावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "इथे नस दाबली गेलीय. ऑपरेशन करून घ्या. जेवढा उशीर कराल, तेवढं परत येणं कठीण."

"नंतर वाजवता येईल ना?"

"ते आज सांगता येणार नाही."

या उत्तरानं मला पार खाल्लं. ऑपरेशन करूनही बोटं परत आली नाहीत तर? मग आशाही गेली. त्यापेक्षा गिटारला दोष देत राहिलो तर निदान पुढची गिटार शिल्लक राहते. हा विचार मला तेव्हा शहाणपणाचा वाटत होता.

रोह्यात एक म्हातारा वाद्यदुरुस्तीवाला होता. शिफ्ट सुटली की मी त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. दुरुस्तीला आलेली प्रत्येक गिटार हातात घेऊन बघायचो. बारीक नेक घेतला की मनगट भरून यायचं, जाड घेतला की करंगळी तारेपर्यंत पोचायची नाही. मेपल चिकट. आबनूसची पट्टी काळीभोर आणि दगडासारखी टणक. त्यातल्या त्यात शिसवी बरी. तिला वरून पॉलिश नसतं. कोरडी, किंचित दाणेदार, जुन्या पोळपाटावरून हात फिरवावा तशी. निदान तशी असते हे मला आठवत होतं. पण तीही माझ्या मनासारखी वाजेना.

"तुझ्या हाताला नक्की हवं तरी काय?" म्हातारा एकदा वैतागला. पण माणूस मायाळू. त्यानं एका मोडक्या पलंगाची शिसवी फळी काढली, माझ्या गिटारची मेपलची पट्टी उतरवली आणि तिच्या जागी नवी शिसवी बसवायला घेतली.

मी ती आणायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "थांब अजून. फ्रेटची टोकं कडेला बाहेर आलीत. कानस मारायची बाकी हाय."

मला कुठला धीर? तिथेच स्टुलावर बसून वाजवून पाहिलं. कुठे अडलं नाही, कुठे रुतलं नाही. "कशाला हवी कानस? लोण्यासारखं चालतंय."

"चालतंय? मग ने बाबा. कडा बायकोकडून घासून घे."

दुपारी घरी पोचलो. बायको नुकतीच कारखान्यातून आली होती, कोपरापर्यंत पांढरी. मी ओटीवर बसून वाजवायला लागलो. करंगळी जिथे पोचायला हवी तिथे, उशिरा का होईना, पोचली. हळदीला हमखास वाजवायचो ती धून जवळजवळ पुरी निघाली.

"सापडली गो!" मी ओरडलो. "ये, बघ. ही खरी पट्टी. काही टोचत नाय, काही अडत नाय. हात ठेवलाय हेसुद्धा कळत नाय."

ती हसत आली. कितीतरी महिन्यांनी तिनं मला खूश पाहिलं होतं. सवयीनं तिनं पट्टीच्या कडेवरून बोटं फिरवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"अवो, ही कड हाय का करवत?"

मग तिनं माझा हात ओढून उलटा केला. करंगळीची बाजू वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. रक्त मनगटाकडे ओघळत होतं. मेपलवर असतं तर पहिल्या थेंबालाच दिसलं असतं. शिसवीत ते मुरून गेलं होतं, पट्टी जरा जास्त गडद दिसत होती इतकंच.

"दुखत नाय तुम्हाला?"

"नाय."

तिनं सोललेल्या जागेवर अंगठा दाबला. "आता?"

मी नकारार्थी मान हलवली. ती माझ्यापाशी खाली बसली, पण हात सोडला नाही. म्हाताऱ्याचा शब्द न् शब्द मला आठवला. तो सांगत होता की टोकं बाहेर आलीत, आणि मी त्यांच्यावरूनच बोटं फिरवत लोणी लोणी करत होतो. मला हवी होती ती गिटार मला मिळाली होती. माझ्या बोटांना काहीच जाणवत नव्हतं म्हणून ती सगळ्यात चांगली होती. मी रडलो, मोठ्यानं, रस्त्यावरून माणसं जात असताना.

बऱ्याच वेळानं मी गिटार तिच्या मांडीवर ठेवली. "तू सांग. कशी लागते?"

तिनं डोळे मिटले आणि पट्टीवरून सावकाश बोट फिरवलं.

"मधी गार हाय. जरासा दाणा हाय, बारीक, रव्यावानी. तारेपाशी गुळगुळीत." ती थांबली. "कडंला मरणाचं टोचतंय."

"परत सांग," मी म्हटलं.