बेसिकमध्ये आयेचा प्रश्न

उरणजवळच्या मोरा बंदरातलं, मोऱ्याचं घर सोडलं तेव्हा आयेनं सुक्या बोंबलांची पुडी बॅगेत कोंबली आणि दारातूनच म्हणाली, “जा. पन सांजच्याला काय गावला ता सांग.” मी निघालो होतो नवीन पनवेलला. शेजारचे कादिरभाई कुवेतला गेले तेव्हाही एवढी रडारड झाली नव्हती. ते कधीच परत आले, ओटीवर झोपाळा टांगून बसले. मी एका बसच्या अंतरावर गेलो, तो अजून इथेच. तुमच्यापैकी जे दुबई-डब्लिनला गेलात, त्यांनी हसायला हरकत नाही.

आमच्या घरात कुणीही आत आलं, होडीवरून असो की शाळेतून, आये विचारायची, “काय गावला?” त्याला ‘काय नाय’ हे उत्तर चालायचं नाही. जाळं रिकामं आलं तरी वडील काहीतरी सांगायचे. कुणाची होडी गाळात रुतली, कुणाचं इंजिन रुसलं. ते ऐकून मगच ती म्हणायची, “बरा. हात धव.” आणि ताट वाढायची.

पनवेलच्या फ्लॅटमध्ये ही ड्यूटी माझ्या बायकोनं, सुमननं, उचलली. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. लेक तन्वी आयर्लंडला. जाताना तिनं जुन्या लॅपटॉपवर बेसिक टाकून दिलं. “बाबा, कॉम्प्युटरची अगदी नवशिक्यांची भाषा आहे. एकाखाली एक हुकूम लिहायचे, ते वरून खाली पाळतं. तुम्हालासुद्धा जमेल.” त्यातलं ‘सुद्धा’ मला अजून पचलेलं नाही.

पहिला प्रोग्राम जगाला हॅलो म्हणणारा लिहितात म्हणे. जगाशी माझी एवढी ओळख नाही. मी आयेचा प्रश्न लिहिला, तोही इंग्रजी अक्षरांत, कारण त्या बिचाऱ्या भाषेला मराठी येत नाही. खाली ‘इनपुट’, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांब. शेवटी ‘बरा, हात धव’. ऑफिसातून आलो की चालवायचो. ‘वीजबिल’ टाकलं: बरा, हात धव. ‘काय नाय’ टाकलं: बरा, हात धव. आयेनं हे खपवून घेतलं नसतं. म्हणून अट घातली: ‘काय नाय’ आलं तर परत पहिल्या ओळीवर जा.

गेल्या शनिवारी खरंच काही नव्हतं. ‘काय नाय’ टाकलं. त्यानं परत विचारलं. परत टाकलं, परत विचारलं. स्वतःच लिहिलेल्या चार ओळींत मी असा अडकलो की लॅपटॉप मिटला आणि सकाळी उरणची बस धरली.

आये ओटीवर सुपात बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “काय गावला?”

“काय नाय गो आये.”

तिचा हात थांबला. “सुमन गेल्यापासना फोनवर ह्याच सांगतंस. बस हितं.”

मी मशीनची सगळी हकीकत सांगितली. ती इतकी हसली की सूप कलंडलं. “ता मशीन जेवाला वाढतं का?”

“नाय.”

“मंग काय कामाचा!”

“तूच चल ना माझ्याकडे.”

“तुज्या फ्लॅटान कोन येतं-जातं? तूच येत जा आयतवारी. मी हाय विचाराला.”

संध्याकाळी पनवेलला येऊन प्रोग्राम चालवला. प्रश्न आला, कर्सर लुकलुकत थांबला. आये, कलंडलेलं सूप, तिचं हसू, सगळं टाइप केलं. घर म्हणजे आता माझ्यापुरतं एवढंच, उत्तर येईपर्यंत थांबणारं कुणीतरी. ते मोऱ्याला आहे. इथे त्याची नक्कल आहे.

बरा, हात धव.

उठलो, हात धुतले. ताट माझं मीच वाढून घेतलं.