भांडत आलेला कौल

जी वस्तू फुकट मिळते ती मी आधी उलटी करून बघते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबिरीची जुडी जास्त घातली, तर ती आतून पिवळी पडलीय का ते आधी पाहते. देवाच्या बाबतीतही माझं फारसं वेगळं नाही. कुलदेवीची पूजा मी रोज करते, पण तिच्याकडे सारखं मागत बसत नाही आणि तिने अमुक दिलं म्हणून चारचौघांत सांगतही नाही. हा एक अनुभव मात्र सांगायला हवा.

आम्ही दादर सोडून भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या जवळ राहायला आलो, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या ह्यांचा आवाज चांगला. नोकरी कारकुनाची, पण शनिवारी भजनाला बसले की माणूस वेगळाच. त्या उन्हाळ्यात त्यांच्या गळ्यावर एक गाठ दिसायला लागली. आधी सुपारीएवढी होती, मग वाढली, घास गिळताना अडायला लागलं. स्टेशनजवळच्या सर्जनकडे गेलो. त्यांच्या दवाखान्यात शिरल्यावर पहिल्यांदा दिसला तो एक स्टीलचा मोठा हंडा आणि त्यावरचा फलक. आपल्या भागातल्या काही सर्जननी मिळून ठरवलंय, या उन्हाळ्यात तपासणीची फी ते घेणार नाहीत, ती दुष्काळी गावांच्या पाण्यासाठी जाईल, तरी फी हंड्यात टाकावी, असा मजकूर. मी फी टाकली, आणि टाकताना आत डोकावूनही पाहिलं.

डॉक्टरांनी गळा तपासला, रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "थायरॉइडची गाठ आहे. श्वासनलिकेवर दाब येतोय. काढायला हवी, उशीर करू नका."

मी विचारलं, "आवाज राहील ना? हे गातात."

"जपून काढीन. पण आवाज जाऊही शकतो. शब्द देत नाही."

माझ्या डोक्यात तिथेच हिशेब सुरू झाला. तपासणीची फी दान करणारा माणूस ती ऑपरेशनमध्ये वसूल करणार, हे उघड होतं. फलक वाचून भोळे लोक येणार, ज्याला त्याला टेबलावर घेणार. खात्री करायला आम्ही मीरा रोडला, नया नगरमधल्या दुसऱ्या सर्जनकडे गेलो. तिथेही दारात तसाच हंडा, तसाच फलक, आणि सल्लाही तोच. दोघे सामील आहेत, असं मी रिक्षातच ह्यांना सांगून टाकलं. शेजारच्या कोकिलाबेनने तर खिल्लीच उडवली. आमच्या बिल्डिंगला तेव्हा एक दिवसाआड पाणी, तेही खाली उतरून भरायचं. ती म्हणाली, "भाभी, आपल्या नळाला पाणी नाय, आणि हे डॉक्टर लोक गावाला पाणी पाठवते? कुछ तो गडबड है."

हे मात्र विचारलं की म्हणायचे, "तू म्हणशील तसं." मला त्याचाच राग यायचा. गळा त्यांचा, आणि निर्णय माझ्या गळ्यात. नाही म्हटलं आणि श्वास अडला तर? हो म्हटलं आणि आवाज गेला तर? शनिवारी ते भजनाला जाऊन नुसते टाळ वाजवून परत आले, तेव्हा मी कधी न केलेली गोष्ट केली. आमच्या रत्नागिरीकडे अडलेल्या प्रश्नाला देवीचा कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओली पाकळी चिकटवायची, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ते काम गुरवाचं, पण मी घरातल्या देवीच्या टाकावर दोन्ही बाजूंना अबोलीची एकेक पाकळी चिकटवली आणि समोर बसले. एकही पडली नाही. सकाळी पाहिलं तर दोन्ही वाळून टाकाला घट्ट चिकटलेल्या. देवीलाही यात पडायचं नव्हतं, असं मी धरलं, आणि रिपोर्ट परत आणायला स्टेशनजवळच्या पहिल्या दवाखान्यात गेले. ऑपरेशन करायचं नाही, असं सांगून यायचं ठरवूनच.

बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. नऊवारी, मांडीवर गाठोडं. वेळ जाईना म्हणून विचारलं, "आजी, तुम्हाला काय होतंय?"

"मला काय धाड भरलीय? म्या भांडाया आलेय."

ती मराठवाड्यातली. मुलगा मीरा रोडला बांधकामावर, त्याच्याकडे आलेली. गावात येणाऱ्या टँकरवर या डॉक्टरांच्या मंडळाचं नाव रंगवलेलं होतं, ते मुलाने इथल्या फलकावर ओळखलं. मला लगेच वाटलं, ही यांनीच आणून बसवलेली असणार. आता गुणगान सुरू करील. म्हणून मीच उकरून काढलं, "मग पाणी मिळतं ना चांगलं?"

"कुठलं चांगलं! टँकर जातुया पाटलाच्या हिरीवर. तितं समदा रिकामा करत्यात. पाटलाची म्हसरं आंघुळ करत्यात, आन् आमच्या वस्तीला तळाचा गाळ. पानी धाडायचं तर नीट धाडा, न्हाय तर नाव तरी पुसा."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. म्हातारीने सगळ्या पेशंटसमोर त्यांना हेच, याहून मोठ्या आवाजात ऐकवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता ते हिला बाहेर काढतील, नाहीतर दुसऱ्या कुणावर ढकलतील. ते उभ्या उभ्या सगळं ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "चुकलं आजी. पैसे पाठवले आणि गप्प बसलो. जाऊन बघितलं नाही. टँकर कुठे थांबायला हवा?"

"वस्तीतल्या चिंचंखाली."

"पुढच्या फेरीला मी स्वतः येतो. चिंच तुम्ही दाखवा."

"दावीन की. पर टोपी घालून या, ऊन लई हाय," ती म्हणाली, आणि गाठोडं उचलून निघून गेली.

शिकवून आणलेली बाई कौतुक करते, शिव्या देत नाही. पाणी खरोखर पोचत होतं, गढूळ का होईना. आणि स्वतःची चूक दहा माणसांत कबूल करणारा माणूस "आवाज जाऊही शकतो" म्हणाला होता, तेव्हाही खरंच बोलला होता. मी आत गेले आणि रिपोर्ट न मागता ऑपरेशनची तारीख मागितली. ऑपरेशनचे पैसे त्यांनी घेतले, पूर्ण घेतले. मला ते बरंच वाटलं.

घरी येऊन देव्हारा पाहिला. पाकळ्या तशाच होत्या. नखाने खरवडून काढल्या आणि टाक चिंचेने घासून लख्ख केला. देवीने उत्तर दिलं नव्हतं असं नाही. मी पाकळीकडे बघत बसले होते, आणि उत्तर भांडत येऊन माझ्या शेजारी बसलं होतं. ती म्हातारी मला पुन्हा भेटली नाही. मी रोज दिवा लावताना तिच्यासाठीही हात जोडते.

शंका घ्यायची माझी सवय काही गेली नाही, कोथिंबीर मी अजून उलटून बघते. पण सगळं उलटसुलट बघून झालं की पुढचं दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं, हे कळलं. ह्यांचा आवाज राहिला, पण वरचा सूर आता लागत नाही. शनिवारी भजनात ती जागा आली की हे थांबतात, डोळे मिटून घेतात. बाकीचे सगळे मिळून तो सूर उचलतात, आणि पुढच्या ओळीला हे परत गायला लागतात.