गिधाडं बोलावत नाहीत

शालिक गेल्याचा फोन मला कोणी केला नाही. वैशाली नगरच्या वळणावर मी चहा घेत उभा होतो. ओळखीची एक स्कूटर त्याच्या गल्लीत वळली, मागोमाग दुसरी, मग सायकलवर सेक्टर सहामधला त्याचा जुना सोबती. मी कप ठेवला आणि त्यांच्या मागे गेलो... महिना होत आला, राग उतरलेला नाही.

आमच्या दोघांचे वडील विदर्भातून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आलेले. शालिकही प्लांटमध्येच लागला. मी जुन्या मशिनी घेतल्या, विकल्या, घासाघीस करत वर आलो. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात. ह्यानं गिधाडांचा नाद धरला. कुम्हारीपलीकडच्या माळावर मेलेली जनावरं टाकतात, तिथं हा दुर्बीण घेऊन बसायचा. मला शिसारी यायची. गावानं आमच्या आजोबांना मेलेली ढोरं ओढायला लावली. ते काम सोडलं म्हणून आमच्या माणसांनी मार खाल्ला. आणि हा आपल्या पायानं परत तिथंच.

"लाज वाटत नाही बे?"

"ओढाले लावत होते, त्याची चीड मलेही आहे. पाहाले कायची लाज?"

एकदा त्याला गिधाडांसाठी खात्रीचं मेलेलं जनावर हवं होतं, दुखण्याचं इंजेक्शन न दिलेलं. ते औषध उतरलेलं मांस खाऊन गिधाडं मरतात. तशी एक म्हैस मिळाली, तर डेअरीवाला मढ्याचाही भाव करू लागला. मी आयुष्यभर लोखंडाचा सौदा केला, त्या दिवशी मढ्याचा केला. म्हैस फुकट घेतली, वर गाडीही त्याचीच लावली. माळावर शालिकनं मला निलगिरीचं तेल शिंपडलेला रुमाल दिला. काही उपयोग झाला नाही. फुगलेलं पोट, डोळ्यांवर माश्या, आतड्यांवरून भांडणारी कुत्री... आणि हा शेजारी बसून डब्यातली पोळी खात होता. गिधाड एकही नाही, नुसते कावळे आणि कुत्री. मी ओकलो आणि घरी आलो.

नंतर गिधाडं आली. मला ते बाजारात, तिसऱ्याच माणसाकडून कळलं. म्हैस मी मिळवलेली. तणतणत त्याच्या घरी गेलो.

"फोन कावून नाही केला?"

"गिधाड कोणाले बोलावते का? एक वर फिरते, त्याच्यावर दुरून दुसऱ्याची नजर, दुसऱ्यावर तिसऱ्याची. एक खाली उतरलं का बाकीच्याइले समजते. मंग भांडतात, चोची मारतात, पण जेवतात एकाच पानावर. तू तं घरी झोपून होता."

तो अंथरुणाला खिळला तरी आमचं भांडण त्या म्हशीवरूनच चालू होतं.

तो गेला त्या दिवशी अंगणात, सगळ्यांसमोर, मी त्याच्या बायकोला विचारलं, "वहिनी, मले कळवलं कावून नाही?"

"तेच सांगून गेले, भाऊजी. म्हणे, त्याले फोन नका करू. नजर ठेवून असते तो. येईल."

असा सौदा कोणी करतं? समोरच्याला बोलायला जागाच ठेवायची नाही...

रुमाल माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. निलगिरी उडाली, म्हशीचा वास तेवढा राहिला. बायको म्हणते, फेका. हात लावायची किळस मलाही येते. कुम्हारीच्या रस्त्यावर मान मात्र आपोआप वर जाते.