घोड्याने खाल्लेला कोंडा

तोलेगेनच्या मते हिरवं ते सगळं जनावरांचं. माणसाने मांस खावं, सोबत मऊ पांढरा पाव आणि वर लोणी घातलेला चहा. सुनेने एकदा गाजर-कोबीची कोशिंबीर जेवणाच्या दस्तरखानावर ठेवली, तर म्हणाला, "हे गोठ्यात नेऊन टाक पोरी, इथे चुकून आलंय."

गावात त्याचा तोरा मोठा. हिवाळ्याच्या तोंडावर मांसाच्या बेगमीला घोडा कापायचा म्हटलं की लोक त्यालाच बोलावत. बरगड्यांवर बोटं दाबून तो चरबीचा थर सांगे. घोड्याचं मोठं आतडं उलटं करून, चरबी आत घेऊन शिजवलेला पदार्थ पहिला त्याच्याच पुढे येई. ती आतडी बर्फासारख्या पाण्यात धुऊन धुऊन बायकोची, बाल्जानची, बोटं वाकडी झाली होती. मान मात्र खाणाऱ्याचा.

मग त्याला शौचातून रक्त पडू लागलं. पठ्ठ्याने ते लपवलं; बाल्जानला कपडे धुताना कळलं. तिने भांडून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सुनेच्याच वयाच्या डॉक्टरणीने आतड्यातल्या गाठी काढल्या आणि बजावलं, "आगा, तुमचे वडील आतड्याच्या कर्करोगानेच गेले ना? मग मांस कमी करा. कोंड्यासकट पिठाची भाकरी खा, डाळी खा, भाज्या खा. त्याने हमी मिळत नाही, पण धोका कमी होतो. आणि पुढच्या वर्षी तपासणीला यायचंच."

येताना त्याने कोंड्याचं पोतं घेतलं. बाल्जानला वाटलं, अक्कल आली. कसली अक्कल! घरी पोचताच त्याने पोतं घोड्यापुढे रिकामं केलं.

"अहो, तो कोंडा तुमच्यासाठी होता!"

"मग मीच खाणार आहे की! आधी घोडा कोंडा खाईल, मग मी घोडा खाईन. पोचला ना माझ्यापर्यंत?"

दोस्तमंडळी मांड्यांवर थापा मारून हसली. पुढे हा विनोद तो प्रत्येक जेवणावळीत सांगे आणि दरवेळी नव्याने खूश होई. घोडा मात्र खरंच तुकतुकीत झाला. बाल्जानने कणकेत कोंडा मिसळून पाहिला, तर भाकरी कुत्र्याला गेली.

तपासणीची वेळ आली तेव्हा म्हणाला, "मागून नळी घालून घ्यायला मी काय मेंढी आहे?" गावभरच्या घोड्यांच्या बरगड्या चाचपणाऱ्याला स्वतःच्या पोटावर डॉक्टरणीचा हात नको होता. असल्या मर्दपणाची बाल्जानला शिसारी आली.

पुन्हा रक्त पडलं, पुन्हा लपवलं. डॉक्टरणीपर्यंत पोचला तेव्हा दुखणं यकृतात उतरलं होतं. शेवटी अंथरुणातून म्हणाला, "ती खरखरीत भाकरी आण बरं, खातो." तेव्हा त्याला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. बाल्जान भाकरी घेऊन उशाशी बसली. तिला रडूही येत होतं आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

तो गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळा गाव जमला. घोडाही तोच, कोंडा खाल्लेला, कापला होता. एका म्हाताऱ्याने उकडलेलं मेंढीचं मानाचं डोकं मुलापुढे, दाउलेतपुढे ठेवलं. बाप जिवंत असलेल्याने त्या डोक्याला सुरी लावायची नसते. आजवर दाउलेतने ते हसत दुसऱ्याकडे सरकवलं होतं. आज त्याचा हात सुरीपाशीच थांबला.

"घे की," बाल्जान दारातून म्हणाली. "बापाने एवढ्या हौसेने हा मान तुला मिळवून दिलाय."